आपले प्रश्न : रोजच्या जगण्यातले हलाल

गेल्या अंकात या सदरासाठी रोजच्या जगण्यातील हलाल-हराम या विषयावर प्रश्न मागवले होते. बडोद्यातील मराठी वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतली काही मुस्लिम घरांतून आली आहेत, काही हिंदू घरांतून. उत्तरे देण्यापूर्वी माझी मर्यादा सांगणे आवश्यक आहे. मी मुफ्ती, म्हणजे धर्मनिर्णय देणारी अधिकारी व्यक्ती, नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे गोळीत, बिस्किटात किंवा अत्तराच्या कुपीत काय असते ते मी सांगू शकते; आणि धर्माचे जे शिक्षण घरात मिळाले, ते पुढेही वाचून-विचारून चालू ठेवले आहे. जिथे फिक्हचा, म्हणजे धर्मशास्त्राचा, निर्णय हवा आहे तिथे आपल्या मोहल्ल्यातील जाणत्या आलिमांनाच, म्हणजे धर्मपंडितांनाच, विचारावे.

कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील (अध्यायातील) १६८ वी आयत (वचन) सगळ्या माणसांना उद्देशून आहे आणि तिच्यात पृथ्वीवर जे ‘हलाल’ व ‘तय्यिब’ आहे ते खाण्यास सांगितले आहे. हलाल म्हणजे ज्याला मुभा आहे ते, आणि तय्यिब म्हणजे निर्मळ, चांगले. बहुतेक पत्रलेखकांनी ताटातील पदार्थांविषयी विचारले आहे. ज्या हातांनी ते ताट भरते त्या हातांच्या कमाईविषयी मात्र दोनच पत्रे आहेत. मला याच्या उलट प्रमाण अपेक्षित होते, म्हणून त्या दोन पत्रांकडे मी विशेष लक्ष दिले आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या मुलीच्या वर्गमैत्रिणीचे कुटुंब याकुतपुऱ्यात राहते. दर ईदला त्यांच्याकडून आमच्याकडे शीरखुर्मा येतो. आता त्या सर्वांना घरी जेवायला बोलवावे असे आमच्या मनात आहे, परंतु त्यांना काय चालते आणि काय नाही हे विचारताना संकोच वाटतो. आमचा स्वयंपाक पूर्ण शाकाहारी असतो. भांडी वेगळी ठेवावी लागतात का? — एक गृहिणी, दांडिया बाजार

उत्तर : आपल्या शाकाहारी स्वयंपाकातील जवळपास प्रत्येक पदार्थ त्यांना चालेल. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड यांपैकी कशातही शंका घेण्याजोगे काही नाही. त्यांच्यासाठी बाहेरून बिर्याणी मागवण्याचा विचार असेल तर तो कृपया सोडून द्यावा. बिर्याणी त्यांच्या घरी होतच असते, कटाची आमटी मात्र आपल्याच घरची लागते. वेगळ्या भांड्यांची गरज नाही. आपली नेहमीची घासलेली ताटे-वाट्या पुरेत. मिठाईवर चांदीचा वर्ख असेल तर त्याचीही काळजी नको. पूर्वी हा वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून कुटला जात असे आणि त्यामुळे जैन, वैष्णव व मुस्लिम अशा अनेकांना तो खटकत असे. २०१६ साली देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्ख तयार करताना कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरण्यास मनाई केली.

एका गोष्टीचा मात्र उल्लेख करते, कारण तिच्यावरून दोन्ही बाजूंना नकळत अवघडल्यासारखे होते. देवाला दाखवलेला नैवेद्य किंवा प्रसाद खाण्यास बहुतेक मुस्लिम कुटुंबे धर्माज्ञेमुळे संकोच करतात. त्यात आपल्या श्रद्धेचा अनादर नसतो. उपासना एकाच अल्लाहची करायची, या त्यांच्या मूळ विश्वासाशी ती गोष्ट जोडलेली आहे. म्हणून सणाच्या किंवा पूजेच्या दिवसाऐवजी एखाद्या साध्या रविवारी बोलवावे, म्हणजे तो प्रसंगच येणार नाही. संध्याकाळचे निमंत्रण असेल तर सूर्यास्तानंतर लगेच मगरिबची नमाज असते. एक स्वच्छ खोली आणि पश्चिमेकडील भिंत कोणती ते दाखवले, तर पाहुण्यांना किती बरे वाटेल हे मी अनुभवाने सांगते. आणि विचारण्यात संकोच कशाला? ‘तुम्हाला काय चालत नाही?’ हा प्रश्न मुलीच्या मैत्रिणीच्या आईला फोनवर सरळ विचारावा. असे विचारले की आपली काळजी कोणी घेत आहे असेच वाटते. निदान मला नेहमी तसे वाटत आले आहे.

प्रश्न : आपा, अस्सलामु अलैकुम. मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. विभागात कोणाचा तरी वाढदिवस असतो, केक येतो, चॉकलेटे वाटली जातात. माझा एक मित्र मोबाइलवर ‘हराम ई-क्रमांकां’ची, म्हणजे वेष्टनावर क्रमांकाने दिलेल्या पूरक घटकांची, लांबलचक यादी दाखवतो आणि त्या यादीप्रमाणे पाहिले तर काहीच खाता येणार नाही. हिरवा ठिपका असला म्हणजे पदार्थ हलाल समजावा का? आणि सहकाऱ्यांबरोबर हॉटेलात गेल्यावर मांसाहाराचे काय करावे? — एक तंत्रज्ञ, मकरपुरा

उत्तर : वअलैकुम सलाम. आपल्या मित्राची तळमळ खरी आहे, परंतु त्या याद्या बहुतेक वेळा युरोपातील मालासाठी तयार झालेल्या असतात. युरोपात जिलेटिन मोठ्या प्रमाणावर डुकराच्या कातडीपासून बनते आणि तेथील वेष्टनांवर आपल्यासारखी सक्तीची खूण नसते. भारतात परिस्थिती वेगळी आहे आणि ती आपल्याला पुष्कळ सोयीची आहे. येथे हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका लावायचा असेल तर पदार्थात दूध, मध, मेण, लाख अशा मोजक्या अपवादांखेरीज प्राण्यापासून मिळालेले काहीही असता कामा नये. म्हणजे जिलेटिन, प्राण्यांची चरबी आणि कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग, ज्याचा क्रमांक १२० आहे, हे सगळे आपोआप बाहेर पडते. क्रमांक ४७१ चे नाव त्या याद्यांत हमखास असते. तो मेदापासून बनणारा घटक वनस्पतींपासूनही मिळतो आणि प्राण्यांपासूनही. पाकिटावर हिरवी खूण असेल तर तो वनस्पतिजन्य आहे, इतके समजून पुढे जावे.

याउलट तपकिरी खूण म्हणजे हराम, असेही नाही. अंडे घातलेल्या साध्या केकवरही तपकिरी खूणच येते आणि अंडे तर हलाल आहे. तपकिरी खूण दिसली की घटकांची यादी वाचावी: अंडे असेल तर हरकत नाही, जिलेटिन असेल आणि ते कशापासून काढले हे लिहिलेले नसेल तर सोडून द्यावे. जेली, मार्शमॅलो आणि परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या चघळायच्या गोळ्या यांच्या बाबतीत ही सवय विशेष लावून घ्यावी.

हिरवी खूण एका गोष्टीविषयी काहीच सांगत नाही, ती म्हणजे मद्यार्क. गुजरात राज्य १९६० मध्ये स्थापन झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे, त्यामुळे रम घातलेला केक आपल्या विभागात येण्याचा संभव कमीच. मात्र व्हॅनिलासारखे काही अर्क मद्यार्कात विरघळवलेले असतात. अशा अर्काचे काही थेंब आख्ख्या केकमध्ये गेले आणि कितीही खाल्ले तरी नशा येण्याचा प्रश्नच नसेल, तर अनेक समकालीन उलेमा, म्हणजे आलिम मंडळी, त्याला हरकत घेत नाहीत. काही जण टाळण्यास सांगतात. मी घरी मद्यार्कविरहित अर्क वापरते आणि दुसऱ्याच्या घरच्या केकची चौकशी करत नाही. सिरका, म्हणजे व्हिनेगर, मात्र निःशंक वापरावा; प्रेषित मुहंमदांनी, त्यांच्यावर सलाम असो, सिरक्याची सालन (तोंडीलावणे) म्हणून प्रशंसा केल्याचे हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या व आचरणाच्या नोंदींत, आले आहे. ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही अशी एक वस्तू येथेच सांगते: पावाला आणि नानकटाईला तूप-लोणी लावण्याचे काही ब्रश डुकराच्या राठ केसांचे असतात. आपल्या ओळखीची बेकरी असेल तर नायलॉनचा किंवा सिलिकोनचा ब्रश वापरण्यास सांगावे. त्याला फार खर्च येत नाही.

आता मांसाविषयी. जबहची, म्हणजे जनावर हलाल पद्धतीने कापण्याची, रीत अशी की कापणाऱ्याने अल्लाहचे नाव घ्यावे आणि धारदार सुरीने श्वासनलिका, अन्ननलिका व मानेच्या बाजूंच्या रक्तवाहिन्या एका झटपट हालचालीत कापाव्यात, म्हणजे वाहते रक्त निघून जाते. सुरी जनावरासमोर परजू नये आणि एका जनावरासमोर दुसरे कापू नये, ही शिकवणही याच रीतीचा भाग आहे. घाईच्या दिवसांत दुकानांतून तिचा विसर पडलेला पाहून मला फार दुःख होते. मुस्लिम खाटकाकडून मांस घेताना दर वेळी उलटतपासणी करू नये. काही लोक आम्हाला मांस आणून देतात, त्यावर अल्लाहचे नाव घेतले होते की नाही हे कळत नाही, असे प्रेषितांना विचारले गेले होते. तुम्ही स्वतः नाव घ्या आणि खा, असे त्यांनी सांगितल्याचे त्यांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्याकडून बुखारी या हदीससंग्रहात नोंदले आहे. ते मांस आणणारे लोक नुकतेच इस्लाममध्ये आलेले होते, हा संदर्भ ध्यानात ठेवावा. जेथे कापणारा कोण आणि रीत कोणती याचा काहीच पत्ता नाही, अशा हॉटेलात पनीर किंवा डाळ मागवावी. बडोद्यासारख्या शहरात शाकाहारी थाळी मागवणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, आणि सेव-उसळीच्या गाडीवर तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न : आपा, मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. लग्न होऊन बडोद्यात आले. सासरची मंडळी हनफी पंथाची आहेत. माहेरी कोलंबी आठवड्यातून दोनदा व्हायची. येथे सासूबाई म्हणतात की कोलंबी मासा नाही, म्हणून ती मक्रूह (टाळण्याजोगी) आहे. आम्ही इतकी वर्षे चुकीचे खात होतो का? — एक नवी सून, तांदळजा

उत्तर : बेटी, अजिबात नाही. हनफी आणि शाफई हे फिक्हचे दोन पंथ आहेत. कोकणातील मुसलमान शाफई पंथाचे आहेत, आणि शाफई मतानुसार केवळ पाण्यात राहणारे जवळपास सगळे जीव हलाल आहेत. अरबस्तानाच्या किनाऱ्यांवरून समुद्रमार्गे आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर हा पंथ कोकणपट्टीत रुजला, तर उत्तर भारतात व गुजरातच्या मोठ्या भागात हनफी मत प्रचलित झाले. हनफी मतानुसार पाण्यातील जीवांपैकी फक्त मासा हलाल आहे, आणि मग सगळा वाद कोलंबीला मासा म्हणावे की नाही यावर येऊन थांबतो. ज्या हनफी आलिमांनी लोकव्यवहार व भाषा पाहून तिला मासा मानले त्यांनी मुभा दिली. ज्यांनी शरीररचना पाहिली त्यांनी टाळण्यास सांगितले. प्राणिशास्त्र तर तिला खेकड्याच्या गटात बसवते. म्हणजे आपल्या सासूबाई एका मान्य मतानुसार बोलत आहेत आणि आपली आईही एका मान्य मतानुसारच रांधत होती. लग्नाने पंथ बदलत नाही. तो बदलावा अशी अटही नाही.

खेकड्याच्या बाबतीत मात्र माहेरी पुन्हा एकदा विचारून घ्यावे. तो पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगतो, या कारणाने शाफई ग्रंथांतही त्याला नाकारणारे ठळक मत आहे, हे पुष्कळ कोकणी घरांना माहीत नसते.

सासूबाईंशी वाद घालू नये. एक वेगळी कढई ठेवावी, कोलंबीचे सुके करायचे त्या दिवशी त्यांच्यासाठी पापलेट किंवा सुरमई करावी, आणि आपण काय व का खातो ते एकदाच शांतपणे सांगून मोकळे व्हावे.

प्रश्न : ताई, माझ्या पत्नीला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. आता डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू करण्यास सांगितले आहे. कोणीतरी तिच्या मनात भरवले की इन्शुलिन डुकरापासून काढतात, आणि तिने इंजेक्शन घेण्यास नकार दिला आहे. कॅप्सूलच्या आवरणाविषयीही ती विचारत असते. — एक सेवानिवृत्त शिक्षक, वाडी

उत्तर : गुरुजी, हे पत्र वाचल्याबरोबर मी आपल्याला स्वतंत्र पत्राने उत्तर पाठवले आहे, कारण ही गोष्ट पुढील अंकापर्यंत थांबण्याजोगी नव्हती. येथे इतरांसाठी पुन्हा लिहिते. पूर्वी इन्शुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत असत, हे खरे आहे. परंतु १९८२ मध्ये जनुकीय तंत्राने तयार केलेल्या मानवी इन्शुलिनला मान्यता मिळाली आणि आज औषधाच्या दुकानातून मिळणारे इन्शुलिन सामान्यतः सूक्ष्मजीवांकडून, म्हणजे जिवाणू किंवा यीस्टकडून, तयार करून घेतलेले असते. त्यात डुकराचा अंशही नसतो. भाभींनी एक दिवसही वाया न घालवता ते सुरू करावे. रमजानच्या रोज्यात त्वचेखाली घेतलेल्या इन्शुलिनने किंवा बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. मात्र रोजा ठेवावा की नाही आणि मात्रा किती घ्यावी, हे रमजानच्या महिनाभर आधीच डॉक्टरांशी ठरवावे. साखर फार उतरली तर रोजा सोडणे आवश्यक आहे. आजाऱ्याला दिलेली ही सवलत कुराणातच आहे.

कॅप्सूलचे आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचे असते, आणि आपल्या देशात ते मुख्यतः गुराढोरांच्या हाडांपासून बनते. ते जनावर जबह केलेले होते का, हे कोणी सांगू शकत नाही. हाडाचे जिलेटिन होताना पदार्थाचे मूळ स्वरूपच पालटते, म्हणून मुभा देणारे आलिम आहेत. तसे न मानणारेही आहेत. औषधांवर हिरवी-तपकिरी खूण लावण्याची सक्ती नाही, त्यामुळे डॉक्टरांना किंवा औषध-विक्रेत्याला विचारावे की हेच औषध साध्या गोळीच्या रूपात किंवा वनस्पतिजन्य सेल्युलोजच्या कॅप्सूलमध्ये मिळते का. पुष्कळदा मिळते. मिळत नसेल तर आहे तेच घ्यावे. रक्त गोठू न देणारे हेपारिन आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासूनच बनते, आणि हृदयविकाराच्या रात्री दवाखान्यात त्याची चर्चा करत बसण्यास इस्लामने कधीही सांगितलेले नाही. हराम पदार्थ सांगणाऱ्या आयतीतच, कुराणाच्या दुसऱ्या सूरेच्या १७३ व्या आयतीत, नाइलाजाने आणि मर्यादा न ओलांडता वापरणाऱ्यावर पाप नाही, असे म्हटले आहे.

प्रश्न : नेलपॉलिश लावून वजू होतो का? अल्कोहोल असलेला सेंट मारून नमाज होते का? — एक विद्यार्थिनी, फतेगंज

उत्तर : वजूचे, म्हणजे नमाजपूर्वी हात-तोंड-पाय धुण्याचे, पाणी नखापर्यंत पोचले पाहिजे आणि नेलपॉलिशचा थर ते अडवतो, म्हणून वजूपूर्वी ते काढावे लागते. मेंदीने केवळ रंग चढतो, थर बसत नाही, ती चालते. सेंटमधील मद्यार्क प्यायच्या दारूचा नसून कारखान्यात बनवलेला असतो, या आधारावर अनेक उलेमांनी मुभा दिली आहे. मनात शंका राहत असेल तर आपल्या शहरात उत्तम तेलाची अत्तरे मिळतात.

प्रश्न : आमच्या घरी तुपाच्या डब्यावर आणि मसाल्याच्या पाकिटावर ‘हलाल’ असा शिक्का दिसला. शाकाहारी वस्तूवर हा शिक्का कशासाठी? त्यात काही मिसळलेले असते का? — एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : काहीही मिसळलेले नसते, उलट, अमुक गोष्टी मिसळलेल्या नाहीत, असे तो शिक्का सांगतो. जी कंपनी आखाती देशांत, मलेशियात किंवा इंडोनेशियात माल पाठवते, तिला तेथील खरेदीदारांसाठी असे प्रमाणपत्र घ्यावे लागते. इंडोनेशियाने तर २०१४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. एकाच कारखान्यातील तेच वेष्टन मग देशातही विकले जाते. भारतात हा शिक्का सक्तीचा नाही आणि तो खाजगी संस्थांकडून मिळतो. उत्तर प्रदेश सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्यातीचा माल वगळून अशा प्रमाणित वस्तूंच्या विक्रीस त्या राज्यात मनाई केली. माझे स्वतःचे मत असे आहे की साध्या तुपाला, तांदळाला किंवा मसाल्याला या शिक्क्याची मुळीच गरज नाही, कारण इस्लाममध्ये मनाई सिद्ध होईपर्यंत वस्तू हलालच मानली जाते.

प्रश्न : आपा, सलाम. मांडवीजवळ माझे कापडाचे व तयार कपड्यांचे दुकान आहे. नवरात्रात चनिया-चोळीचा मोठा हंगाम असतो आणि पुष्कळ गिऱ्हाइके उधारीवर नेतात. मी उधारीचा भाव जास्त लावतो. माझा मुलगा म्हणतो की हे व्याजच झाले. शिवाय बँकेच्या बचत खात्यावर जमा होणाऱ्या व्याजाचे काय करावे, हेही सांगावे. — एक दुकानदार, मांडवी

उत्तर : भाईसाहेब, आपल्या मुलाला हा प्रश्न पडला याचा मला मनापासून आनंद झाला. त्याची शंका अर्धी बरोबर आहे. रोख घेतल्यास १,००० रुपये आणि तीन महिन्यांच्या उधारीवर घेतल्यास १,१०० रुपये, असे दोन भाव सांगून गिऱ्हाइकाने त्यांपैकी एक त्याच वेळी पक्का केला, तर बहुसंख्य फकिहांच्या, म्हणजे फिक्हच्या जाणकारांच्या, मते तो व्यवहार जायज आहे; ती विक्री आहे आणि तिची किंमत ठरलेली आहे. परंतु तीन महिने उलटले, पैसे आले नाहीत, आणि आपण वहीत ‘आता १,१५०’ असे लिहिले, तर ती वाढीव ५० रुपयांची रक्कम व्याज झाली. अल्लाहने व्यापार हलाल केला आणि व्याज हराम केले, हे दुसऱ्या सूरेच्या २७५ व्या आयतीतील वाक्य आपल्याला पाठ असेल. त्याच्या पुढेच, २८० व्या आयतीत, अडचणीत असलेल्या ऋणकोला हात सैल होईपर्यंत सवड द्यावी, असे म्हटले आहे. नवरात्रात मुलीच्या हौसेसाठी चनिया-चोळी उधार नेणारा बाप दिवाळीनंतरही पैसे देऊ शकला नाही, तर त्याची अडचण खरी आहे की तो टाळाटाळ करतो आहे, हे आपण दुकानदार लोक चेहऱ्यावरून ओळखता. त्याप्रमाणे वागावे.

उधारी लिहून ठेवण्याचा आदेश देणारी २८२ वी आयत कुराणातील सर्वांत लांब आयत आहे. उपासनेच्या ग्रंथातील सर्वांत लांब आयत देण्याघेण्याच्या कागदाविषयी असावी, याचे मला प्रत्येक वेळी नव्याने नवल वाटते. रक्कम, मुदत आणि साक्षीदार लिहून गिऱ्हाइकालाही एक प्रत द्यावी. तोंडी उधारीत भांडण झाले तर दोघेही प्रामाणिक असूनही दोघांनाही वेगळे आठवते.

दुकानाच्या संदर्भात आपण न विचारलेली एक गोष्ट सांगण्याची परवानगी असावी. मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणारा आमच्यापैकी नाही, असे बजावले. गठ्ठ्यातील डाग पडलेला ताका, धुतल्यावर रंग सोडणारी बांधणी, मापात एक इंच कमी भरणारा पन्हा, या सर्वांना हे लागू आहे. डाग दाखवून कमी भावात विकलेला ताका हलाल आहे. डाग घडीच्या आत ठेवून विकलेला ताका, विकणाऱ्याने त्या पैशातून कितीही काटेकोरपणे जबह केलेले मटण आणले तरी, हलाल होत नाही.

बँकेतील व्याजाविषयी भारतातील उलेमांनी सामान्यतः दिलेला सल्ला असा: ते खात्यात सोडून देऊ नये, काढून घ्यावे, आणि पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजू माणसाला देऊन टाकावे, स्वतःच्या घरखर्चाला, जकात म्हणून किंवा मशिदीच्या बांधकामाला ते लावू नये. जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेले वार्षिक दान, वेगळीच द्यायची आहे. आपल्या गल्ल्यातील रोकड, दुकानातील माल आजच्या विक्रीच्या भावाने, आणि परत मिळण्याची आशा असलेली उधारी यांची बेरीज करून देणी वजा करावीत. उरलेली रक्कम ६१२.३६ ग्रॅम, म्हणजे साडेबावन्न तोळे, चांदीच्या किमतीइतकी किंवा तिच्याहून अधिक असेल आणि चांद्रवर्ष पूर्ण झाले असेल, तर तिच्यावर अडीच टक्के जकात येते. गुंतवणूक करायची असल्यास राष्ट्रीय शेअर बाजाराचे शरियत-अनुकूल निर्देशांक आहेत, ज्यांतून व्याजावर चालणाऱ्या व दारू-जुगाराच्या कंपन्या वगळलेल्या असतात. त्यांचा उपयोग करण्यापूर्वी आलिम आणि गुंतवणूक सल्लागार दोघांनाही विचारावे.

प्रश्न : ताई, मी घरी शिवणकाम करते. बायका ब्लाउज आणि ड्रेसचे कापड देतात, त्यातून थोडे उरते. ते मी ठेवून घेते आणि त्यातून लहान मुलींची झबली किंवा पिशव्या शिवून विकते. आमच्या सगळ्याच शिवणाऱ्या असे करतात. हे पैसे हलाल आहेत का? आणि एक व्यापारी माझ्याकडून मालाचे शिवण करून घेतो आणि मजुरी दोन-दोन महिने देत नाही. मागितली की काम बंद करीन म्हणतो. — एक शिवणारी, तांदळजा

उत्तर : या सर्व पत्रांत आपले पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचले. आधी आपल्या मजुरीविषयी. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची शिकवण त्या व्यापाऱ्याने नक्कीच ऐकलेली असेल, मग तो कोणत्याही धर्माचा असो. दोन महिने अडवून ठेवलेली मजुरी त्याच्या गल्ल्यात हक्काशिवाय पडून आहे. आपण एकट्या मागत असाल तर तो धमकी देऊ शकतो. त्याच्यासाठी शिवणाऱ्या चार-पाच जणी एकत्र जाऊन बोलल्यात तर ती धमकी टिकणार नाही. दर वेळी माल पोचवताना नग आणि दर लिहिलेल्या वहीवर त्याची सही घेण्याची सवय आजपासूनच लावावी. तरीही मजुरी मिळाली नाही तर कामगार कार्यालयात लेखी तक्रार देता येते आणि त्या वेळी हीच वही कामास येते.

आता कापडाविषयी. कापड गिऱ्हाइकाचे आहे, आपण त्याच्या अमानतदार, म्हणजे विश्वासाने दिलेली ठेव सांभाळणाऱ्या, आहात. बोटभर चिंध्या, दोरे, कडांची कातरण कोणीच परत मागत नाही. ती ठेवण्यास हरकत नाही, कारण सर्वमान्य रिवाजाला फिक्हमध्ये आधार आहे. परंतु ज्या तुकड्यातून झबले निघते तो तुकडा चिंधी नव्हे. सगळ्याच शिवणाऱ्या ठेवतात, हा रिवाज शिवणाऱ्यांचा झाला. गिऱ्हाइकांनी तो मान्य केला आहे का, हे त्यांना कधी कोणी विचारलेले नाही. विचारले तर दहातील बहुतेक जणी ‘ठेव गं, मला काय करायचंय’ असेच म्हणतील आणि त्या क्षणी तो तुकडा आपला होईल. आजवर जे ठेवले त्याची कोणाला भरपाई द्यावी लागेल ते मोहल्ल्यातील आलिमांना विचारावे; जी गिऱ्हाइके अजून येतात त्यांना सरळ सांगून माफी मागितली तर ती मिळेल याची मला खात्री वाटते.

पुढे एवढे करावे: माप घेऊन वहीत नाव लिहिता तिथे एक रकाना वाढवावा, ‘उरलेले कापड परत हवे / नको’, आणि गिऱ्हाइकाला विचारून त्यावर खूण करावी. जिने ‘हवे’ म्हटले तिचा तुकडा शिवलेल्या ब्लाउजच्या घडीतच ठेवून द्यावा.